नाल्याच्या एका काठाला भिंत बांधली तेव्हा

हे प्रकरण मुंबईच्या हद्दीवरच्या एका नाल्याचं आहे. नाल्याचं, वस्त्यांचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी या नाल्याच्या एका काठावर काम करणाऱ्या छोट्या संस्थेत आहे, त्यामुळे हा तटस्थ माणसाचा अहवाल नाही. जी भिंत या सगळ्याच्या मुळाशी आहे, तिची मागणी आमच्याच संस्थेने लावून धरली होती.

पार्श्वभूमी

नाला डोंगराच्या उतारावर, एका आदिवासी पाड्याजवळ सुरू होतो. तिथे तो ओहोळच आहे. एप्रिलमध्ये मुलं उडी मारून ओलांडतात. खाली आला की दोन्ही बाजूंना वस्त्या, गोडाऊनं, रिक्षांची गॅरेजं लागतात. शेवटी खारफुटी, कोळीवाडा आणि खाडी. मधल्या पट्ट्यात नाल्याची मध्यरेषा हीच दोन महापालिकांची हद्द. एक काठ मुंबईत, दुसरा शेजारच्या शहरात. जिल्हे वेगळे, पोलीस ठाणी वेगळी, पाण्याची बिलं वेगळी. दोन्ही काठांवरची माणसं समोरच्यांना 'पलीकडचे' म्हणतात. इथे गोंधळ नको म्हणून मी मुंबईच्या बाजूला दक्षिणकाठ आणि समोरच्या बाजूला उत्तरकाठ म्हणते.

दक्षिणकाठची वस्ती जुनी. बहुतेक घरांकडे फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) आणि 1 जानेवारी 2000 च्या आधीचे पुरावे आहेत, त्यामुळे पुनर्वसनासाठी लागणारा 'पात्र' हा शब्द त्यांच्या बाजूने आहे. उत्तरकाठ नंतर वाढला. तिथे घरमालक वर पोटमाळ्यावर किंवा दुसरीकडेच राहतो आणि खालची बैठी खोली भाड्याने देतो. नाल्याला अगदी खेटून असलेल्या रांगेत तर जवळपास सगळे भाडेकरूच: नाक्यावर उभे राहणारे कामगार, घरकामाला जाणाऱ्या बाया, घरी बसून पीसवर शिलाई करणाऱ्या. या रांगेला सगळे 'खालची लाइन' म्हणतात. ती समोर दिसत असूनही आमच्या हिशेबात पुष्कळ उशिरा आली.

पावसाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरले. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला साधारण 73. एकाच शहरात एवढा फरक पडतो. शहराचा सरासरी आकडा ऐकून आपल्या नाल्याचा अंदाज बांधता येत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही ओहोटी आहे असं धरून. याच व्यवस्थेच्या सुधारणेसाठी केलेल्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती ताशी 50 पर्यंत न्यायला सांगितलं. भरती मात्र कोणाच्या हिशेबासाठी थांबत नाही.

भरतीचं गणित आम्हाला कोळीवाड्यातल्या एका नाखवांनी, म्हणजे होडीच्या मालकांनी, शिकवलं. मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधत होते, तर ते म्हणाले, "ताई, आज तिथी कुठली? द्वितीया ना? तिथीची पाऊणपट घ्या. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती पुरी." कोकणपट्टीत दर्यावर जाणाऱ्या घरांत हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या सुमारास. उधाण येतं ते पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास. म्हणजे आमच्या नाल्यासाठी सगळ्यांत वाईट वेळ भर दुपारची किंवा मध्यरात्रीची. दुपारी घरात फक्त बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतून आलेली मुलं असतात. रात्री सगळे झोपेत. त्या वेळी डोंगरावर जोराचा पाऊस झाला की खाडीचं पाणी तोंडाशी अडवून धरतं आणि नाला मागे फुगतो.

कागदावर योजना होत्या. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला. त्यातल्या सहा विषयांपैकी एक शहरी पूर आणि जलव्यवस्थापनाचा आहे. महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत आणि प्रत्येक जण आपली पावसाळ्याची तयारी करते. प्रत्येक तयारी हद्दीच्या रेषेपाशी संपते. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, तेव्हा हेलिकॉप्टरं आणि बोटी पाठवाव्या लागल्या. त्या पाण्याला हद्दीशी काही घेणं-देणं नव्हतं. अशा प्रदेशाचा विचार एकत्र व्हावा म्हणून 74व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली, राज्याने 1999 मध्ये त्यासाठी कायदाही केला. पण गाळाने भरलेल्या नाल्याच्या मधोमध उभं राहिल्यावर तो कायदा फार दूरचा वाटतो.

अडचण

दक्षिणकाठच्या लोकांनी संरक्षक भिंत मागितली होती. सलग दोन पावसाळे घरांत पाणी शिरल्यावर आम्ही सह्या गोळा केल्या, फोटो जोडले, वॉर्ड ऑफिसला चकरा मारल्या. भिंत मंजूर झाली आणि उन्हाळ्यात बांधूनही झाली. त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले गेले. मी ते आनंदाने खाल्ले.

पहिल्याच पावसाळ्यात, जुलैमधल्या अमावस्येच्या दुसऱ्या रात्री, दक्षिणकाठच्या एकाही घरात पाणी आलं नाही. उत्तरकाठला मात्र आजवर कधी नव्हतं तेवढं चढलं. पूर्वी पाणी दोन्हीकडे गुडघ्यापर्यंत यायचं. त्या रात्री खालच्या लाइनीत ते माणसाच्या कमरेवर गेलं. एका म्हाताऱ्या आजींना दाराची फळी काढून तिच्यावर झोपवून बाहेर आणावं लागलं.

सकाळी उत्तरकाठचे पंधरा-वीस तरुण घण घेऊन भिंतीपाशी आले. इकडचे तरुणही जमले. शिवीगाळ झाली, दोघांची डोकी फुटली, दोन्ही ठाण्यांच्या गाड्या आल्या. पोलिसांसमोर उत्तरकाठच्या एका मावशींनी मला विचारलं, "तुमच्या घरात पाणी नको होतं, ते ठीक. मग ते कुठे जाणार होतं, हे विचारलं का कोणी?"

कोणी विचारलं नव्हतं. आमच्या अर्जात उत्तरकाठचा शब्दही नव्हता. भिंतीच्या नकाशातही नाही. कारण नकाशा हद्दीच्या रेषेशी संपत होता आणि रेषेपलीकडे पांढरा कागद होता.

समोर कोणते मार्ग होते

पुढच्या दोन महिन्यांत बैठकांवर बैठका झाल्या. आधी आपल्याच काठाच्या, मग भीतभीत एकत्र.

उत्तरकाठची पहिली मागणी साहजिक होती: आम्हालाही भिंत द्या. ऐकायला न्याय्य वाटतं, आणि मीसुद्धा सुरुवातीला त्याच बाजूची होते. एका निवृत्त अभियंत्यांनी, जे आमच्याकडे स्वखुशीने यायचे, वहीवर नाल्याचा आडवा छेद काढून दाखवला. दोन्ही बाजूंनी बांध घातला की पाण्याला पसरायला जागा राहत नाही, ते उंची धरतं आणि जिथे भिंत संपते तिथून बाहेर पडतं. भिंती जिथे संपत होत्या त्याच्या वर पाड्याची खालची घरं होती. म्हणजे त्रास फक्त तिसऱ्याच्या दारात सरकला असता, आणि तो तिसरा आमच्या दोघांपेक्षा दुबळा होता.

दुसरा मार्ग, भिंत पाडा किंवा उंची कमी करा. दक्षिणकाठ याला कधीच तयार झाला नसता. खरं सांगायचं तर मलाही ते मागायला तोंड नव्हतं. इथल्या घरांनी त्या भिंतीसाठी दोन वर्षं घालवली होती.

तिसरा, उच्च न्यायालय. एक वकील फी न घेता उभे राहायला तयार होते. आम्ही यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. याचिका केली असती तर दोन्ही पालिका कदाचित एका टेबलावर आल्या असत्या, पण प्रतिवादी म्हणून. ज्या कनिष्ठ अभियंत्यांशी रोज बोलायचं होतं, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय तोंड उघडलं नसतं. आम्ही याचिका बाजूला ठेवली, सोडून दिली नाही. हा निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं, पण उत्तरकाठच्या काहींना तो आमचा पळपुटेपणा वाटला आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं.

चौथा, नाल्याचं तोंड रुंद करणं. तिथे दाट खारफुटी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर खारफुटी तोडणं आणि तिच्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात काम करणं सहजासहजी शक्य नाही, आणि तसं असणंच योग्य आहे. खारफुटी काढून पाण्याला वाट करून द्यायची म्हणजे लाटांचा जोर अडवणारी गोष्टच काढून टाकायची. नाखवांनी हा मार्ग एका वाक्यात निकालात काढला: "ती झाडं गेली तर आमचा कोळीवाडाच नाल्यात येईल."

पाचवा मार्ग कोणी मागितलेलाच नव्हता. तो दोन्ही काठांनी एकत्र फेरी काढली तेव्हा सापडला.

काय केलं

गावाकडे पाणलोटाचं काम सुरू करताना शिवारफेरी काढतात. उत्तरकाठच्या एका शिक्षकांनी सुचवलं की आपणही नालाफेरी काढू: पाड्यापासून खाडीपर्यंत, पायी, दोन्ही पालिकांच्या अभियंत्यांना घेऊन. दोन्ही वॉर्ड ऑफिसांना एकच पत्र दिलं, दोन्ही काठांच्या सह्यांचं. एका कार्यालयाने 'हद्दीचा विषय आहे' असा शेरा मारून ते परत केलं. दुसऱ्यांदा पत्र विभागीय आयुक्तांच्या कार्यालयालाही दिलं, कारण कोकण विभागात दोन्ही जिल्हे एकाच छत्राखाली येतात. मग तारीख मिळाली. मार्च 2022 नंतर मुंबईत आणि आजूबाजूच्या बऱ्याच महापालिकांत मुदत संपल्यामुळे प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. त्यामुळे एरवी ज्यांच्या दाराशी जातो ते दार बंद होतं. पण दोन काठांच्या दोन नगरसेवकांत श्रेयावरून जी ओढाताण झाली असती, तीही टळली. हे मी चांगलं म्हणून सांगत नाही. लोकांनी निवडलेलं माणूस असायलाच हवं होतं.

फेरीत दोन्ही पालिकांचे कनिष्ठ अभियंते पहिल्यांदाच भेटले. त्यांची कार्यालयं रिक्षाने वीस मिनिटांवर आहेत. दोघांनी आपापले नकाशे चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर पसरले आणि आकडे जुळेनात. एकाच ठिकाणी नाल्याच्या तळाची पातळी एका नकाशावर काही, दुसऱ्यावर भलतीच. बराच वेळ वाद झाला. मग कळलं की मुंबईच्या नकाशावर पातळी टाऊन हॉल डेटममध्ये आहे, म्हणजे फोर्टातल्या टाऊन हॉलवरून ठरवलेल्या जुन्या शून्यापासून मोजलेली. दुसऱ्या नकाशावर समुद्राच्या सरासरी पातळीपासून. दोन शहरं एकाच पाण्याची उंची दोन वेगळ्या शून्यांपासून मोजत होती. त्या दोन तरुण अभियंत्यांनी पुढच्या आठवड्यात बसून दोन्ही नकाशे एका पातळीवर आणले. त्यासाठी त्यांना कोणी आदेश दिला नव्हता, आणि त्यांचं मोल मला फार वाटतं.

फेरीत दुसरी गोष्ट दिसली ती नळ-मोरी. वस्त्यांच्या वरच्या अंगाला, स्टेशनकडे जायचा शॉर्टकट म्हणून कधीतरी तीन ह्यूम पाइप (सिमेंटचे मोठे नळ) टाकून वर मुरूम पसरलेला. तिथून रोज दोन्ही काठांचे लोक जातात. आम्ही खाली उतरून पाहिलं. मधला पाइप गादी, थर्माकोल आणि एका मोडक्या कपाटाच्या दाराने पुरता बंद. डावा अर्धा गाळाने भरलेला. नाल्याचं सगळं पाणी उजव्या पाइपातून निघत होतं, आणि तो उत्तरकाठच्या दिशेने तिरपा होता. मोरी कोणाची? दोघांच्याही यादीत ती नव्हती.

तिथे उभं असताना भांडणाचा सूर बदलला. भिंतीचा दोष होताच, आणि मी तो धुऊन काढणार नाही. पण पाणी आधी मोरीपाशी तुंबत होतं, फुटून तिरपं उत्तरकाठवर जात होतं आणि समोरची भिंत त्याला परत येऊ देत नव्हती. दोन्ही काठ मिळून मोरीकडे बोट दाखवू शकत होते.

तिसरी गोष्ट नालेसफाईची. दोन्हीकडे 31 मेच्या आत गाळ काढायचा असतो. एका पालिकेचा पोकलेन एप्रिलमध्ये यायचा आणि मध्यरेषेपर्यंतच खणायचा. दुसऱ्या पालिकेचा मेच्या अखेरीस यायचा. काढलेला गाळ सुकायला काठावर टाकायचा आणि उचलायला गाडी येईपर्यंत त्यातला बराचसा पुन्हा नाल्यात घसरायचा. अर्धा नाला खोल, अर्धा उथळ. महिन्याभरात दोन्ही सारखे.

यावरून चार गोष्टी ठरल्या. दोन्ही पालिकांनी एकाच आठवड्यात, पूर्ण रुंदीचा गाळ काढायचा आणि गाळाची गाडी त्याच दिवशी. मोरीचे पाइप पावसाळ्याआधी उपसून काढायचे, लोकांसाठी वर लोखंडी पादचारी पूल टाकायचा, आणि पुढे पक्क्या चौकोनी मोरीचा खर्च अर्धा-अर्धा. भिंतीत तीन ठिकाणी खाचा करून त्यांत सागाच्या फळ्या बसवायच्या, आणि पाणी लाल खुणेला गेलं की फळ्या काढून ते दक्षिणकाठच्या मैदानात घ्यायचं. चौथी, पूरसूचना.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड गेली. मैदान खोलगट आहे, दोन-तीन तास पाणी धरू शकतं, त्याने कोणाचं घर बुडत नाही. पण ते मैदान. क्रिकेट, दहीहंडीचा सराव, लग्नाचे मांडव, सगळं तिथे. दक्षिणकाठच्या बैठकीत एक जण उठून म्हणाला, "त्यांचं पाणी आपण का घ्यायचं?" त्यावर याच काठाच्या एक आजी, ज्यांच्या घरात पूर्वी पाणी यायचं, म्हणाल्या, "बाळा, ते त्यांचं नाही. आपलंच आहे, आपण त्यांच्याकडे ढकललेलं." मतदान घेतलं नाही. हात वर करायला लावले असते तर ठराव पडला असता अशी मला भीती होती. त्याऐवजी एका पावसाळ्यासाठी करून बघू, असं ठरलं. हा माझा निर्णय होता, आणि त्याचा हिशेब पुढे द्यावा लागला.

पूरसूचनेची व्यवस्था साधी ठेवली. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या छपरावर एक साधं पर्जन्यमापक. नाल्यावर तीन ठिकाणी रंगवलेल्या पट्ट्या: पांढरी, पिवळी, लाल. पाड्यापाशी पाणी पिवळ्याला लागलं की खाली यायला साधारण पाऊण तास लागतो, हे एका पावसाळ्यात वहीत नोंदी करून कळलं. पाड्यावरची एक ताई फोन करायची, तिथून व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप जायचा, आणि नाखवा तिथीवरून सांगायचे की आज खाडी पाणी घेणार की परत ढकलणार.

या ताई रात्री दोन-दोन वाजता बॅटरी घेऊन पट्टी बघायला जायच्या. पहिले दोन महिने आम्ही त्यांना एक रुपयाही दिला नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. महानगराला पाणी देणाऱ्या भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांच्या शहापूर भागात उन्हाळ्यात टँकर येतात, हे आम्ही भाषणात सांगत असू. आणि स्वतःच्या नाल्यावर तेच करत होतो. वरच्यांनी जागायचं, खालच्यांनी झोपायचं. एकदा ताईंनीच विचारलं, "पावसाळा संपेपर्यंत असंच का?" त्यानंतर दोन्ही काठांच्या मंडळांनी महिन्याचं मानधन ठरवलं आणि रेनकोट, गमबूट, टॉर्च दिला. ते पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं.

काय निष्पन्न झालं

दुसऱ्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये परीक्षा झाली. भाद्रपद लागलेला, उधाणाचे दिवस, रात्री साडेबाराला पाड्यावरून फोन. निरोप गेला. उत्तरकाठच्या लोकांनी सामान पोटमाळ्यावर चढवलं, मीटरचे स्विच बंद केले, म्हाताऱ्यांना शाळेत नेलं. दक्षिणकाठच्या पोरांनी फळ्या काढल्या आणि मैदान तळं झालं. पाणी चढलं, पण पूर्वीपेक्षा खूपच कमी, आणि पहाटे उतरलं. दोन्ही काठांवर कोणालाही इजा झाली नाही.

सकाळी मी खूश होऊन उत्तरकाठला गेले. खालच्या लाइनीत एक बाई उंबऱ्यावर बसून शिलाई मशीनची मोटर उघडत होती. आतून चिखल निघत होता. बाजूला बांधणीचा मोठा गठ्ठा, मुलींच्या फ्रॉकचे कापलेले भाग, सगळे पाण्याने फुगलेले, लाल रंग उतरून पिवळ्यावर गेलेला. तो माल तिचा नव्हता, ठेकेदाराचा होता. भरपाई तिच्या मजुरीतून कापली जाणार होती. मी विचारलं, "निरोप मिळाला नाही का?" ती म्हणाली, "कसला निरोप?"

ग्रुपमध्ये फक्त घरमालक होते. पाणीपट्टीच्या यादीवरून आम्ही नंबर घेतले होते. त्या यादीत भाडेकरू नसतातच. ज्यांच्या घरात पाणी सगळ्यात आधी येतं, त्यांनाच सगळ्यात शेवटी कळलं. पंचनाम्यालाही तेच: तलाठ्यांनी घराच्या नावाने नोंद केली, आणि नाव मालकाचं.

त्यानंतर सूचनेची पद्धत बदलली. निरोप आला की मंडळाच्या गणपतीच्या स्पीकरवरून आणि मशिदीच्या भोंग्यावरून, दोन्हीकडून, दोन भाषांत घोषणा. खालच्या लाइनीत दर सहा दारांमागे एक जण शिट्टी घेऊन. तीच शिलाईवाली ताई आता त्यातली एक आहे. मशीन ठेवायला तिथल्या अनेकींनी भिंतीत लोखंडी मांडण्या ठोकून घेतल्या. त्याचे पैसे घरमालकांनी द्यावेत यासाठी भांडावं लागलं, अर्ध्यांनी दिले.

तिसऱ्या पावसाळ्याआधी दोन्ही पोकलेन एकाच आठवड्यात आले आणि नाला पूर्ण रुंदीचा साफ झाला. पाइप काढले, पादचारी पूल झाला. पक्क्या मोरीचं अंदाजपत्रक दोन्हीकडे तयार आहे, पण एका बाजूची मंजुरी अडकली आहे, कारण हद्दीबाहेर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा याचं उत्तर कोणी लेखी देत नाही. नकाशे जुळवणाऱ्या दोन अभियंत्यांपैकी एकाची बदली झाली. दोन्ही पालिकांमधला करार म्हणजे अजून एका बैठकीचं इतिवृत्त आहे, दोन पानांचं. नवा अधिकारी आला की आम्ही त्याची झेरॉक्स घेऊन जातो.

खालच्या लाइनीचं पुनर्वसन झालेलं नाही. पात्रतेच्या नियमांत भाडेकरू बसत नाही आणि मालकाला ती खोली सोडायची नाही. या सगळ्या कामातला हा सर्वांत मोठा अपुरा भाग आहे, आणि तो पट्ट्या रंगवून किंवा शिट्ट्या वाजवून भरून निघणार नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

भिंतीचा अर्ज लिहिण्याआधी मी नाला ओलांडून जाईन. अर्ज थांबला असता असं नाही, पण खाचा आणि मैदान मूळ नकाशातच आले असते. नंतर काँक्रीट कापून खाचा केल्या, त्याला वेळ लागला आणि भिंतही कमजोर झाली.

लोकांची यादी पाणीपट्टीवरून घेणार नाही. दार वाजवून घेईन, आणि सर्वांत खालच्या दारापासून सुरू करीन.

मैदानाचा निर्णय मी मतदानाशिवाय रेटला. त्या रात्री तो उपयोगी पडला, पण दक्षिणकाठच्या काहींच्या मनात अजून सल आहे की आमचं मैदान आम्हाला न विचारता गेलं. घाई होती, पावसाळा तोंडावर होता, तरीही दोन बैठका जास्त घ्यायला हव्या होत्या. पडला असता ठराव तर पडला असता. मग आजींनी पुन्हा समजावलं असतं.

न्यायालयाच्या वाटेबद्दल माझं मत अर्धं बदललं आहे. अभियंत्यांना सोबत ठेवण्यासाठी याचिका टाळली ते ठीक. पण गाळ, मोरी आणि सूचना मार्गी लागल्यावर, फक्त एका मागणीसाठी, म्हणजे हद्दीवरच्या नाल्यांसाठी दोन्ही पालिकांनी संयुक्त खर्चाची लेखी व्यवस्था करावी यासाठी, आम्ही आता याचिका करणार आहोत. इतिवृत्ताच्या झेरॉक्सवर चौथा पावसाळा काढणं बरोबर नाही.

सध्या एक छोटी गोष्ट अडली आहे. भिंतीतल्या सागाच्या फळ्या चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना कुलूप असतं, आणि किल्ली दक्षिणकाठच्या मंडळाच्या खोलीत असते. मागच्या वर्षी एका रात्री निरोप आल्यावर किल्लीवाला पोरगा गावाला गेलेला होता. कुलूप तोडेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात खालच्या लाइनीत पाणी शिरलं. उत्तरकाठने दुसरी किल्ली मागितली आहे. दक्षिणकाठच्या दोन बैठकांत ती नाकारली गेली, कारण 'पलीकडचे' थोडा पाऊस पडला तरी फळ्या काढतील अशी भीती आहे. माझं मत मी दोन्ही वेळा सांगितलं: किल्ली द्यावी, लाल खूण दोघांनाही दिसते. पुढची बैठक मेच्या पहिल्या रविवारी, पादचारी पुलाजवळ आहे, आणि या वेळी ती दोन्ही काठांची एकत्र आहे.